डाव्या नळीवरचा खळगा

माझ्या सायकलच्या जुन्या कॅरिअरला डाव्या बाजूच्या वरच्या नळीवर एक खळगा आहे. लांबून दिसत नाही. नखाने चाचपलं तर नख अडकतं, एवढाच. काळा रंग जाऊन तिथे ॲल्युमिनिअम चकाकतं आणि त्या चकाकीच्या मधोमध अर्धचंद्रासारखी खाच आहे, हुक जेवढा रुंद तेवढीच. ही खाच एका पॅनिअरने, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला हुकांनी अडकवायच्या बॅगेने पाडली, सातशे किलोमीटरच्या प्रवासात, टक् टक् टक् करत. तो आवाज मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होता. सामान म्हटलं की थोडं वाजायचंच, असं म्हणून मी तो सोडून दिला.

सातव्या दिवशी दुपारी एका लांब उतारावर रस्त्याला आडवी भेग लागली. पुढचं चाक नीट पार झालं, मागचं आदळलं. त्याच क्षणी मागून मैत्रीण ओरडली, "अगं थांब! बॅग, बॅग!" मी मान वळवायच्या आत डाव्या बॅगेचा मागचा हुक नळीवरून उडाला होता. उरलेल्या एका हुकावर बॅग फिरली, तिचा खालचा कोपरा कॅरिअरच्या दांडीमागून चाकाकडे गेला आणि पट्ट्याचं मोकळं टोक स्पोकमध्ये शिरलं. मी दोन्ही ब्रेक दाबले. सायकल फरफटत थांबली. मी पडले नाही. दोन स्पोक तुटले, रिम डुलायला लागली, पट्टा मुळापासून उसवला. मागून त्या वेळी एखादी मोठी गाडी येत नव्हती, एवढं सांगते आणि पुढे जाते.

रस्त्याच्या कडेला बसून बॅग मांडीवर घेतली तेव्हा पहिल्यांदा तिचे हुक नीट बघितले. हुकाच्या पोकळीत माझी करंगळी सहज जात होती. कॅरिअरची नळी करंगळीपेक्षा कितीतरी बारीक. म्हणजे इतके दिवस ती नळी त्या हुकात सैल खेळत होती. मग आठवलं, बॅग नवी आणली तेव्हा तिच्यासोबत एका छोट्या पुडीत प्लास्टिकचे काही तुकडे आले होते. ते कशासाठी असतात हे न बघता मी पुडी खणात टाकली होती. हुक आणि नळी यांच्यातली फट भरायला असतात ते तुकडे.

बहुतेक कॅरिअरच्या नळ्या ८, १०, १२ किंवा १६ मिलिमीटर जाडीच्या असतात. बॅग बनवणाऱ्याला तुमच्याकडे कुठलं कॅरिअर आहे हे ठाऊक नसतं, म्हणून तो हुक जाड नळीला बसेल असा करतो आणि बारीक नळ्यांसाठी हे आतले तुकडे सोबत देतो. १० मिलिमीटरच्या नळीवर १६ मिलिमीटरचा हुक बसवला तर सहा मिलिमीटरची फट राहते. ऐकायला किरकोळ वाटते. पण दर खड्ड्याला बॅग ती सहा मिलिमीटर उचलली जाते आणि परत आपटते. आठ किलोची बॅग, दिवसाला शंभर किलोमीटर. त्या आपटण्याचाच तो टक् टक् आवाज.

प्लास्टिकच्या हुकाने धातूची नळी कशी झिजते, हा प्रश्न मला नंतर बरेच दिवस पडला होता. उत्तर धुळीत आहे. हुकाच्या आतल्या भागात रस्त्यावरची बारीक धूळ आणि वाळू रुतून बसते आणि मऊ प्लास्टिकचा तो हुक पॉलिश पेपरसारखा काम करायला लागतो. ॲल्युमिनिअम स्टीलपेक्षा मऊ, त्यामुळे आधी रंग जातो, मग धातू. पावसात ओली रेती मिळाली की काम आणखी वेगाने होतं.

आपलं मागचं ओझं आपल्याला दिसत नाही, ही सायकलवरच्या सामानाची खरी अडचण आहे. पाठीवरची सॅक अंगाला कळते. पट्टा सैल झाला की खांदा सांगतो. पॅनिअर पाठीमागे, चाकाच्या दोन्ही अंगांना, आपल्या नजरेबाहेर. उतारावर मान वळवून बघणं धोक्याचं. उरतो फक्त कान. मैत्रिणीला मागून माझी बॅग पंखासारखी बाहेर येताना दिसत होती आणि तिला वाटत होतं, ती तशीच असते. मला फक्त ऐकू येत होतं आणि मला वाटत होतं, ते तसंच वाजतं.

त्या दिवसापासून मी एक फरक करते. बॅग लटकवणं वेगळं आणि बॅग बसवणं वेगळं. लटकवलेली बॅग स्वतःच्या वजनाने जागेवर राहते. सायकल उभी असताना ते पुरतं, गुळगुळीत रस्त्यावरही पुरतं. पण मागचं चाक उंचवट्यावर चढतं तेव्हा बॅग खाली जोरात दाबली जाते आणि चाक पलीकडे उतरताना क्षणभर तिचं वजन जवळजवळ नाहीसं होतं. हुक नळीवरून सुटतो तो त्या हलक्या क्षणात. जड बॅग आपल्या वजनाने खाली राहील, हा माझा समज होता. पण चाक उतरताना जड बॅग आणि हलकी बॅग दोन्ही सारख्याच अधांतरी असतात.

जुन्या मराठीत एक शब्द आहे, पडशी. दोन तोंडांची पिशवी, खांद्यावर टाकली की एक तोंड पुढे आणि एक मागे. घोड्याच्या पाठीवरही तशीच, दोन्ही अंगांना. पॅनिअरला मराठी शब्द शोधताना मला हाच आधी सुचतो. खुद्द पॅनिअर हा शब्द फ्रेंचमधून आलेला आहे आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधली पावाची टोपली आहे. आपला पाव पोर्तुगिजांकडून आला, तोही लॅटिनमधल्या त्याच मुळातून, म्हणजे पाव आणि पॅनिअर लांबचे नातलग ठरतात. पण पडशी आणि सायकलची पॅनिअर यांच्यात एक मोठा फरक आहे. पडशीच्या एका बाजूला दुसरी बाजू धरून ठेवते. पाठीवरून आलेलं कापड दोघींना जोडतं आणि एक खाली जाऊ लागली की दुसरी तिला ओढते. सायकलच्या दोन बॅगा एकमेकींना ओळखतही नाहीत. डावीने डावीचं बघायचं, उजवीने उजवीचं. प्रत्येकीला जागेवर ठेवायला फक्त तिचे हुक.

बॅग तीन दिशांना पळू बघते. वर उडते, पुढेमागे सरकते आणि खालून बाहेर फाकते. बसवणं म्हणजे या तिन्ही वाटा बंद करणं. माझ्या डाव्या बॅगेच्या तिन्ही वाटा उघड्या होत्या.

पण बॅगेच्या आधी कॅरिअर. हे मला दुसऱ्या एका प्रवासात कळलं, जेव्हा बॅग अगदी पक्की होती आणि तरी मागून काहीतरी डुगडुगत होतं. कॅरिअरलाच हात लावला तर ते डावीउजवीकडे हलत होतं. खालचा एक बोल्ट दोन आटे बाहेर आला होता.

कॅरिअर फ्रेमला धरून ठेवणारे बोल्ट सहसा ५ मिलिमीटरचे असतात, पेन्सिलीपेक्षाही बारीक. वरचे दोन कॅरिअरला मागे पडू देत नाहीत. ओझं असतं ते खालच्या दोघांवर, मागचं चाक फ्रेमला बसतं त्याच्या जवळच्या भोकांत. वीस किलो सामान आणि ते तोलणारे दोन बारीक बोल्ट. हे कसं टिकतं, याचं मला नवल वाटायचं. टिकतं याचं कारण असं, की बोल्ट पुरता आवळलेला असला तर ओझं बोल्ट पेलतच नाही. बोल्टने कॅरिअरचा पाय आणि फ्रेम एकमेकांवर दाबून धरलेले असतात आणि त्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण ओझं पेलतं. बोल्ट जरा सैल झाला की घर्षण संपतं आणि सगळं वजन आडवं बोल्टच्या अंगावर येतं. मग तो दर हादऱ्याला केसभर वाकतो आणि सरळ होतो, वाकतो आणि सरळ होतो. तार तोडायची असेल तर आपण हेच करतो. काही शे किलोमीटरमध्ये बोल्टचं डोकं तुटून पडतं आणि उरलेला तुकडा भोकात अडकतो.

म्हणून बोल्टखाली वायसर, आट्यांना निळ्या थ्रेडलॉकचा, म्हणजे आटे सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा, एक थेंब आणि मग आवळणं. लाल थ्रेडलॉक इथे नको. तो सोडवायला उष्णता द्यावी लागते. आवळताना बोल्ट शेवटपर्यंत आत जातोय ना, निदान भोकाची पूर्ण जाडी आट्यांनी धरलीय ना, हे बघायचं. मात्र उजव्या बाजूला बोल्ट फार लांब नको. तो आतून बाहेर डोकावला, तर मागच्या सगळ्यात लहान चकतीवर चेन आली की तिला घासतो. मी चेन लहान चकतीवर आणून पेडल हाताने दोनचार वेळा फिरवते आणि कान देऊन ऐकते. काही घासत असेल तर बोल्ट काढून आतल्या बाजूला नाही, बाहेरच्या बाजूला एक वायसर वाढवते.

वाटेत बोल्ट पडलाच तर एक गोष्ट फार उपयोगाची आहे. पाण्याच्या बाटलीचं पिंजरं फ्रेमला ज्या बोल्टने लावतात, तेही ५ मिलिमीटरचे आणि त्याच आट्यांचे. त्यातला एक काढून कॅरिअरला लावता येतो. लांबीला थोडा कमी पडला तरी मुक्कामापर्यंत नेतो. दोन्हीला ४ मिलिमीटरची ॲलन की चालते. ती की मी आता बॅगेत ठेवत नाही, सीटखालच्या पाकिटात ठेवते. बॅगेतलं सगळं उपसल्याशिवाय हाताला लागत नसेल तर थांबून बोल्ट बघायचा कंटाळा येतो आणि माणूस पुढे जातो.

कॅरिअरवर किती वजन चालेल हे त्याच्यावर छापलेलं किंवा कोरलेलं असतं, पुष्कळदा २५ किलो. मजबूत स्टीलच्या काही कॅरिअरना ४० किलोही चालतं. त्यात दोन्ही बॅगा, वर बांधलेला तंबू, पाणी, सगळं आलं. जाड कापडाच्या रिकाम्या जोडीचंच वजन दोन किलोच्या घरात जातं.

कॅरिअर पक्कं झालं की बॅग. आतले तुकडे घालायचे. नळीच्या जाडीचाच तुकडा, त्याहून मोठा नको आणि लहानही नको. बरोबर तुकडा घातला की हुक नळीवर उतरताना थोडा अडतो, मग दाबल्यावर बसतो. तो आवाज एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. टक् नाही, चट् असा, एकदाच, आणि मग शांत. मी तो आवाज ऐकल्याशिवाय हात काढत नाही. हुकाखालची जीभ, म्हणजे हुकाला वर उडू न देणारा सरकता तुकडा, नळीच्या खालून आलीय ना, हे बोट फिरवून बघते, कारण कधीकधी हुक नळीवर नुसता टेकतो आणि जीभ वरच राहते. वरून बघितलं तर दोन्ही सारखंच दिसतं. बोटालाच कळतं.

ज्या बॅगांना जीभ नसते, नुसते उघडे धातूचे हुक असतात, आणि खाली इलॅस्टिक असतं, त्यांच्यात सगळा भार त्या इलॅस्टिकवर. ते कॅरिअरच्या पायाशी ताणून अडकवायचं. नवं असताना छान ताणतं, मग सैल पडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. अशी बॅग असेल तर वरच्या हुकांपाशी एक साधा पट्टा नळीभोवती घेऊन बक्कल लावून टाकावं. दिसायला गबाळं दिसतं, पण बॅग उडत नाही.

दुसरी वाट पुढेमागे सरकण्याची. वरचे दोन हुक एका पट्टीवर मागेपुढे होतात. त्यांचे स्क्रू सैल करून ते हवे तिथे नेता येतात. कॅरिअरच्या वरच्या नळीला मध्ये कुठेतरी आडवी किंवा उभी दांडी जोडलेली असते. त्या जोडाच्या एका अंगाला एक हुक आणि दुसऱ्या अंगाला दुसरा, असे हुक लावले की बॅग दोन्हीकडून अडते. चढावर मागे जात नाही, ब्रेक मारल्यावर पुढे येत नाही. इतकी साधी गोष्ट, पण मी कित्येक सायकलींवर बॅगा मोकळ्या नळीवर सरकताना बघितल्या आहेत.

बॅग किती मागे न्यायची, हे टाच ठरवते. सीटवर बसायचं, पेडल उलटं फिरवायचं आणि टाच बॅगेला लागते का बघायचं. हे रिकाम्या बॅगेने करून उपयोग नाही. भरलेली बॅग फुगते आणि पुढचा कोपरा टाचेकडे येतो. आणि रोज घालता तेच बूट घालून करायचं. टूरिंगच्या सायकलींना पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात तिथपासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतची नळी साधारण ४४० ते ४६० मिलिमीटर असते, रेसिंगच्या सायकलींना ४१०च्या आसपास. दोनतीन बोटांचा हा फरक टाचेला नेमका कळतो. आखूड सायकलवर बॅग मागे न्यावी लागते आणि मागे नेली की दुसरं दुखणं सुरू होतं.

बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळते, म्हणतात. जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवर भार राहत नाही. सायकलही उलाळते. बॅगा मागच्या चाकाच्या मध्याच्या फार मागे गेल्या की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल हातात पोकळ लागतं. वळवलं त्यापेक्षा जास्त वळतं, चढावर डोलतं. वेगात उतरताना आख्खी सायकल थरथरायला लागते. अशा वेळी मी हँडल घट्ट आवळत नाही, गुडघे वरच्या नळीला टेकवते आणि हळूहळू ब्रेक लावते. पण खरा उपाय सकाळी निघण्याआधीच करायचा असतो. जड सामान तळाला, चाकाच्या बाजूला आणि बॅगेच्या पुढच्या अर्ध्यात. हत्यारं, स्टोव्ह, पाणी तिथे. कपडे आणि अंथरूण वर आणि बाहेरच्या बाजूला. दोन्ही बॅगा हातात धरून तोलायच्या; अर्ध्या किलोचा फरक हातांना कळत नाही, दोन किलोचा कळतो.

किती न्यायचं, यावर मी बोलू नये. माझ्या बॅगेत अजूनही एक जास्तीचा स्वेटर असतोच. १८८४च्या एप्रिलमध्ये टॉमस स्टीव्हन्स सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलवर निघाला आणि डिसेंबर १८८६ मध्ये योकोहामाला पोचला. निघताना त्याच्या हँडलवरच्या बॅगेत मोजे, एक जादा सदरा आणि एक रेनकोट होता. त्याच रेनकोटचा तो तंबू करायचा आणि अंथरूणही. असं काही वाचलं की मी स्वेटर बाहेर काढते आणि रात्री परत आत ठेवते.

आता तिसरी वाट. मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते खालच्या हुकाबद्दल.

बॅगेच्या पाठीवर खाली एक छोटा पंखासारखा हुक असतो. माझा जवळजवळ सगळ्या प्रवासात आडवा, बॅगेला चिकटलेला होता, जसा पॅकिंगमधून आला तसा. त्याचं काम कॅरिअरच्या खाली उतरणाऱ्या दांडीच्या मागे जाऊन बॅगेला आत धरायचं. तो नसला की वरचे हुक कितीही पक्के असोत, बॅग बिजागरीवरच्या दारासारखी उघडते आणि मिटते. वळणावर बाहेर, सरळ झालं की आत. मैत्रिणीला दिसलेला पंख तो हाच. आणि दर वेळी दार उघडताना वरचे हुकही नळीवर थोडे पिळले जातात, म्हणजे खालचा एक हुक नसल्याने वरचे दोन झिजतात.

तो लावायची माझी पद्धत अशी. खालच्या हुकाचा स्क्रू हाताने फिरेल इतका सैल करायचा. बॅग भरून वरचे हुक जागेवर बसवायचे. मग वाकून, शक्य असलं तर सायकलच्या पलीकडे जाऊन स्पोकमधून बघायचं, हुक दांडीच्या किती जवळ आहे. पट्टीवर पुढेमागे सरकवून तो दांडीला अगदी टेकला पाहिजे, आणि टोक दांडीच्या मागे निदान बोटभर गेलं पाहिजे. तिथे बोट ठेवून जागा धरायची, बॅग काढायची आणि स्क्रू आवळायचा. परत लावून बघायचं. पहिल्या खेपेला बरोबर बसेल अशी अपेक्षा धरायची नाही. मला तीनचार खेपा लागतात. कॅरिअरची दांडी तिरकी असते आणि हुकाचा कोन तिच्याशी जुळवावा लागतो. उजवी आणि डावी बॅग एकमेकींची आरशातली प्रतिमा असते, त्यामुळे उजवीवर जमलेलं डावीवर तसंच उचलून नेता येत नाही. जोडी ठरली की आत मार्करने डा आणि उ लिहून टाकावं.

हे एकदा जमलं की रोजची चढउतर सोपी. बॅग जरा तिरकी धरायची, खालचा हुक आधी दांडीच्या मागे सरकवायचा, मग वरचे नळीवर सोडायचे. चट्. घाईत उलटं केलं तर वरचे बसतात आणि खालचा बाहेर राहतो. सकाळच्या अंधारात निघताना हे सगळ्यात जास्त वेळा होतं.

मग परीक्षा. सायकल भिंतीला टेकवून बॅगेला तीन दिशांना ओढायचं. वर उचलायचं, बॅगेबरोबर सायकल उचलली गेली पाहिजे. पुढेमागे ढकलायचं. आणि खालचा कोपरा धरून बाहेर खेचायचा. खोटं समाधान नको म्हणून मी जोर लावून करते. शेवटी सायकल मागून एक वीत उचलून जमिनीवर सोडते आणि ऐकते. धप् आला तर ठीक. धप् नंतर टक् आला तर परत बसवायचं.

पट्ट्यांची मोकळी टोकं हा शेवटचा भाग, आणि तोच माझ्या चाकात गेला होता. गुंडाळून बंद करायच्या बॅगांना लांब पट्टे असतात. बॅग अर्धी रिकामी असली की उरलेला पट्टा लोंबतो. तो गुंडाळून इलॅस्टिकमध्ये खोचायचा, नाहीतर पट्ट्याखालीच घालायचा. अशा गुंडाळून बंद होणाऱ्या बॅगा आज जगभर दिसतात. त्यांतलं सगळ्यांच्या ओळखीचं नाव जर्मनीच्या हार्टमुट ऑर्टलीब यांचं. पावसात सायकल चालवताना त्यांचं सामान भिजलं आणि ताडपत्रीने झाकलेले ट्रक बाजूने जात होते. त्या ताडपत्रीच्या कापडाच्या बॅगा शिवून त्यांनी १९८२ मध्ये कंपनी काढली. पाऊस आत येऊ नये हा त्यांचा ध्यास. मला मात्र त्या बॅगांबद्दल कृतज्ञता वाटते ती बॅगेचं हँडल उचललं की सुटणाऱ्या आणि सोडलं की मिटणाऱ्या हुकांसाठी. उचलण्याच्या एकाच हालचालीत कुलूप उघडतं. मुक्कामाला पोचल्यावर, बोटं गारठलेली असताना, ते किती मोठं आहे हे तेव्हाच कळतं.

नवं काहीही बसवलं की पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर थांबून सगळे स्क्रू परत बघते. रंगाचा थर दबतो, वायसर बसते, प्लास्टिक थोडं सरकतं. जे सकाळी पक्कं होतं ते दुपारी पाव फेरा घेतं. मग मोठ्या प्रवासात रोज संध्याकाळी, बॅगा उतरवल्यावर, चारही बोल्टना बोट लावून. एक मिनिटही लागत नाही.

त्या जुन्या कॅरिअरवर आता मी लांबचं सामान नेत नाही. खळग्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय आणि हुक तिथून दोन बोटं पुढे सरकवलेत, जिथे नळी शाबूत आहे. रोजच्या ये-जा करण्यापुरतं ते ठीक आहे. नव्या कॅरिअरला मात्र पहिल्याच दिवशी, हुक बसतात तिथे, जाड पारदर्शक टेप लावली.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघी परत निघालो होतो. या वेळी मी मागे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मोकळ्या रस्त्यावर मला तिच्या सायकलचा आवाज येऊ लागला. टायरचा, चेनचा, आणि मध्येच, दर पाचसहा सेकंदांनी, एक बारीक टिक्. बॅगा डोळ्यांना अगदी स्थिर दिसत होत्या. मी हाक मारली, "अगं, जरा थांब." ती म्हणाली, "का? दिसतंय काही?" मी म्हटलं, "दिसत नाही. ऐकू येतंय." सायकल आडवी न करता तिने सीट धरली आणि मी खाली बसून एकेक बोल्ट चाचपत गेले. उजव्या बाजूचा खालचा, फ्रेमजवळचा, बोटाने फिरला. अर्धा फेरा. तिने पाकिटातून की काढून दिली, मी आवळला, मागून सायकल उचलून सोडली. धप्.

पुढचा चढ दोन किलोमीटरचा होता. मी तिच्या मागोमाग, एका चाकाच्या अंतरावर, फक्त चेन ऐकत चढले.